श्रावणातले सूप आणि मासळीचा वास: आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी म्हार्दोळला झालेल्या आमच्या जपानी धाटणीच्या शिवराक (शाकाहारी) जेवणाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. पहिल्याच सूपला मासळीचा वास आला, श्रावण पाळणाऱ्या आपल्या सासूबाईंनी वाटी बाजूला सारली आणि पुढे घासही घेतला नाही, आणि विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने "जपानी सूप असेच असते" एवढेच उत्तर दिले, असे आपण लिहिले आहे. मासळीविना जपानी जेवण होत नाही, तेव्हा माणशी १,६०० रुपये घेऊन त्याला जपानी म्हणणे ही फसवणूक आहे, असेही आपले म्हणणे आहे.

त्या सूपमध्ये मासळी नव्हती, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. आपल्याला आलेला वास कोंबूचा होता. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली, जाड, काळपट हिरवी पट्टी. तिच्यावरचा पांढरा थर बुरशीचा नसतो, त्यात चव असते, म्हणून ती धूत नाहीत, ओल्या फडक्याने हलकेच पुसतात. लिटरभर थंड पाण्यात दहा ग्रॅम कोंबू आम्ही रात्रभर भिजत ठेवतो, सकाळी अगदी मंद आचेवर तापवतो आणि उकळी फुटण्यापूर्वीच पट्टी बाहेर काढतो, कारण उकळल्यास पाणी बुळबुळीत आणि कडवट होते. सुकी शिताके अळंबी वेगळ्या थंड पाण्यात भिजवून ते पाणी यात मिसळतो. झाकण उघडताच भरतीच्या वेळी खाजनाच्या बांधावर येतो तसा समुद्राचा वास येतो, आणि गोव्यात समुद्राचा वास म्हटला की मासळीच आठवणार. बहुतेक जपानी घरांत याच पाण्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीसही घालतात, त्यामुळे आपली शंका रास्तच होती. मात्र तो कीस आमच्या सामानात कधीही आलेला नाही.

चूक आमची झाली ती दुसरीकडे. व्रत पाळणाऱ्या व्यक्तीने वाटी बाजूला सारल्यावर तो निरोप त्याच क्षणी चुलीपर्यंत यायला हवा होता आणि मी कोंबूची पट्टी हातात घेऊन आपल्या पानाशी येऊन उभा राहायला हवे होते. मुलाला मी पदार्थांची नावे शिकवली, त्यांत काय आहे हे शिकवले नाही, त्यामुळे हा दोष त्याचा नाही, माझा आहे. आपण विचारलेली नाही अशी आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. भांडी, सुऱ्या आणि पाट आम्ही आमचेच नेतो, परंतु चूल आणि मोरी ज्या घरी जेवण होते त्या घरची असते आणि एरवी तिथे मासळी शिजते. श्रावणात जेवायला येणाऱ्यांना हे आधी कळायला हवे होते. यापुढे नाव नोंदवतानाच आम्ही ते सांगू.

जपानी म्हणण्याविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. जपानमधील बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाची पाकपरंपरा शतकानुशतके चालत आली आहे. दोगेन या झेन भिक्षूने मठातल्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यांविषयी १२३७ सालीच लिहून ठेवले आहे. त्या जेवणात मांस-मासळी तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे आपल्या घरच्या श्रावणातल्या पानाशी त्याचे नाते फार जवळचे आहे, आणि याच कारणाने मी हा महिना निवडला होता. कोंबूमधून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढून त्या चवीला उमामी हे नाव देणारे किकुनाए इकेदा यांनीही १९०८ साली हेच शेवाळ अभ्यासले होते. मासळीविना चव येत नाही, हे म्हणूनच मला मान्य नाही.

नीरफणसाच्या कापांवर तेफळ घातल्याचेही आपल्याला खटकले. जपानमध्ये भाजलेल्या पदार्थांवर जी सान्शो मिरी भुरभुरतात, ती आणि आपले तेफळ एकाच कुळातली भावंडे आहेत; जिभेला येणारी झिणझिणी सारखीच असते. सान्शो विकत मिळते, पण दारात तेफळाचे झाड असताना ती मागवावी असे मला वाटले नाही. कापांवरचा मिसोही (आंबवलेले खारट जपानी वाटण) सोयाबीनचा नसून अळसांद्यांचा आहे, फाल्गुनात घरी घातलेला. म्हणूनच आम्ही जपानी धाटणीचे म्हणतो, अस्सल जपानी असा दावा करीत नाही. वाढप कमी वाटले, त्याची नोंद घेतली आहे. भात यापुढे मागाल तेवढा वाढू.

दोघींचे ३,२०० रुपये आज आपल्या खात्यावर परत केले आहेत. पुढचे जेवण चतुर्थीनंतर आहे. त्या दिवशी चूल पेटण्यापूर्वी, सकाळी दहाच्या सुमारास, सासूबाईंना घेऊन स्वयंपाकघरात यावे अशी विनंती आहे. भिजत घातलेला कोंबू मी त्यांना दाखवीन आणि त्यांचे समाधान झाले तरच पान वाढीन.

आपला नम्र,
स्वयंपाकी व चालक