थांबवणारी माणसं

रविवारी सकाळी लेकीला नागपुरातल्या मानकापूरच्या क्रीडा संकुलात सोडलं की आम्ही तीन-चार जुने खेळाडू बाहेरच्या टपरीवर बसतो. तर्री-पोहे, चहा आणि वाद. परवा विषय निघाला, जुने बॉक्सर भारी की आताचे. माझ्यासोबतच कॉलेजकडून खेळलेला एक मित्र एकदम तावात आला. "आताच्या पोरायले काय कमी हाय बे? एसी जिम हाय, प्रोटीन हाय, मालिशवाला हाय. वर्षातून दोन फायटी मारते आन् चॅम्पियन म्हणवते. तो शुगर रे रॉबिन्सन पाह्य, दोनशे फायटी लढला!"

मी तिथे काही बोललो नाही. पण आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितो.

रॉबिन्सन म्हणजे अमेरिकेचा जुना जगज्जेता बॉक्सर. त्याचा आकडा खराच आहे, दोनशेच्या आसपास. त्याच्या आधीचा हॅरी ग्रेब तर तीनशेच्या घरात लढला, आणि त्यातल्या कितीतरी लढतींत त्याचा एक डोळा निकामी होता. त्याने ते लपवलं, आणि त्या काळात ते लपवता आलं. तरुणपणी असलं काही ऐकलं की अंगावर काटा यायचा, छाती फुगायची. आता पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की याला रिंगमध्ये जाऊ दिलं कुणी? आज डोळे न तपासता कुठलाही रिंग-डॉक्टर त्याला ग्लोव्ह्ज घालू देणार नाही.

रॉबिन्सनचीच एक लढत सांगतो. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, समोर त्याच्याहून वजनदार जोई मॅक्सिम. रिंगजवळ चाळीस अंशांच्या आसपास उष्मा. आपल्याला नागपूरकरांना ऊन समजावून सांगायला नको. मे महिन्यात दुपारी आपण दुपट्टा बांधल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही, आणि हा माणूस दिव्यांच्या झोताखाली पंधरा राउंडची लढत खेळत होता. दहाव्या राउंडनंतर रेफरीच उष्म्याने गळला, दुसरा रेफरी आणावा लागला. रेफरी बदलला, लढत मात्र चालूच. रॉबिन्सन तिन्ही पंचांच्या कार्डावर पुढे होता, पण तेराव्या राउंडनंतर स्टुलावरून उठूच शकला नाही. शेवटच्या वर्षांत त्याला अल्झायमर झाला होता. सलग डोक्यावर मार खाल्लेल्या बॉक्सरांचा मेंदू कसा खराब होतो, यावर हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरने १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही.

माझ्या मते आजच्या बॉक्सरकडे जुन्यांपेक्षा जास्त असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला थांबवणारी माणसं.

आणि ही माणसं, हे नियम फुकट आलेले नाहीत. १९१९ मध्ये हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाच्या जागतिक विजेतेपदासाठी जॅक डेम्प्सी आणि जेस विलार्ड लढले. डेम्प्सीने विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. पडलेल्या माणसापासून लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियम तेव्हा पाळला जात नव्हता. डेम्प्सी त्याच्या अगदी जवळच उभा, तो उठायला लागला की पुन्हा ठोसा. पुढे १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम डक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा राउंडांवर आल्या. आधी एका संघटनेने केलं, मग पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनी. आजचा बॉक्सर बाराव्या राउंडची घंटा ऐकून कोपऱ्यात परततो, त्या तीन राउंडांची किंमत त्या पोराने मोजली आहे.

मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो एडी फच. १९७५, मनिला, मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर, हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत. चौदा राउंड झालेले, फ्रेझरला समोरचं जवळजवळ दिसत नव्हतं, तरी तो उठायला बघत होता. फच त्याचा कोच. त्याने फ्रेझरला स्टुलावर बसवून ठेवलं आणि लढत संपवली. एकच राउंड उरला होता. तेव्हा असं करायला काळीज लागत होतं. आता नियमच पाठीशी आहे.

हे मी इतक्या जिव्हाळ्याने का लिहितोय, तेही सांगतो. माझ्या काळी आमच्या जिममध्ये वीस पोरं आणि ग्लोव्ह्जच्या चार जोड्या. आधीच्या पोराच्या घामाने ओली झालेली जोडी हातात चढवायची. आतलं भरण सरकून मनगटाकडे गेलेलं, बोटांच्या सांध्यांवर नुसतं कातडं. बॅग म्हणजे रेती आणि लाकडाचा भुसा भरलेलं पोतं. १९९२ साली एका स्पर्धेत मला कानाच्या वर एक हूक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा, बसला. त्यानंतरचा राउंड मला आजही आठवत नाही. मी जिंकलो, असं मित्रांनी सांगितलं. रात्री ओकारी झाली. लिंबूपाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सेमीफायनलला उभं केलं. नियम तेव्हाही कुठेतरी कागदावर असतील. माझं डोकं त्यानंतर पंधरा दिवस ठणकत होतं, आणि एकाही मोठ्या माणसाने विचारलं नाही.

बाकीचे फायदे आहेतच. पूर्वी आठ वजनी गट होते, आता व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा-अठरा आहेत. जुना हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो चौऱ्याऐंशी किलोच्या आसपासचा, आज त्याला हेवीवेटमध्ये उतरायची गरजच पडली नसती, त्याखालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादाच नव्वद किलोच्या वर आहे. प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ मोबाइलवर आहेत. माझी लेक झोपायच्या आधी समोरच्या मुलीचा डावा हात कधी खाली येतो ते दहा-दहा वेळा मागे नेऊन बघते. आम्हाला ते पहिला ठोसा खाऊन कळायचं.

आणि रिंगबाहेरचं? कौर सिंग आठवा. १९८० मध्ये दिल्लीत अलीसोबत प्रदर्शनी लढत खेळलेला, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला सैनिक. म्हातारपणी हृदयाच्या उपचारासाठी त्यांना कर्ज काढावं लागलं. बातमी आल्यावर मदत पोचली, पण बातमी यावी लागली. इथे आजही बरंच बाकी आहे, हे मान्य.

माझा मित्र म्हणतो तसं जुने लोक कणखर होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्यातले जे टिकले त्यांच्याच गोष्टी आपल्याला माहीत आहेत. ज्यांची डोकी पंचविशीतच गेली, त्यांची नावं टपरीवर निघत नाहीत.

माझ्या लेकीची पिढी तर आणखी वेगळी. आमच्या काळात जिममध्ये एकही मुलगी पाहिल्याचं मला आठवत नाही. ऑलिम्पिकमध्ये महिला बॉक्सिंग आलं ते २०१२ ला, मेरी कोमने कांस्य आणलं तेव्हा. २०२१ मध्ये आपल्या नागपूरची अल्फिया पठाण पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली, त्या रात्री लेक आनंदाने घरभर नाचली होती.

गेल्या महिन्यात तिची बाउट दुसऱ्या राउंडला रेफरीने थांबवली. डोक्यावर दोन सरळ ठोसे बसले होते, ती उभी होती, पण नजर हलली होती. तिने हात वर करून सांगितलं, मी ठीक आहे. रेफरीने ऐकलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारली, बोट धरून नजर फिरवायला लावली, प्रश्न विचारले आणि तीस दिवस स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती, बंद म्हणून लिहून दिलं. गाडीत ती माझ्यावर चिडली. "बाबा, तुम्ही तरी बोलायचं ना त्यांच्याशी!" मी गाडी चालवत राहिलो. वर्धा रोडवर मला एकदा गाडी बाजूला घ्यावी लागली, डोळे पुसायला.

आज तिचा बाविसावा दिवस. सकाळी ती संकुलात गेली ती फक्त दोरी मारायला आणि धाकट्या मुलींच्या हातांना पट्ट्या बांधायला. मी टपरीवरून उठून आत डोकावलो. दहा वर्षांच्या एका मुलीचा अंगठा मोकळा सोडून ती पट्टी मनगटावर फिरवत होती, घट्ट, पण बोटं निळी पडणार नाहीत इतपतच.