लिंबू-हळदीने माशातला पारा जात नाही

गेल्या रविवारी सकाळी ऐरोलीला पुतणीकडे गेलो, तेव्हा ओट्यावरच्या पातेल्यात मरळीचे तुकडे लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले होते. पाणी हळदीने पिवळे झाले होते, तुकड्यांच्या कडा आंबटाने पांढऱ्या पडल्या होत्या आणि पातेल्याच्या तळाशी लक्ष्मीपूजनातले चांदीचे नाणे होते. पुतणीला पाचवा महिना आहे. तिचे सासरे सुट्टीच्या दिवशी बदलापूरच्या वरच्या अंगाला उल्हास नदीवर गळ टाकायला जातात आणि मिळेल तो मासा घरी आणतात. "काका, अर्धा तास ठेवलं की पारा निघून जातो म्हणे, मग मी दोन तुकडे जास्त खाल्ले तरी चालतील ना?" असे तिने विचारले आणि फोन माझ्या हातात दिला.

तो संदेश एव्हाना ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या गटांवर फिरला असावा, कारण मला तो त्याच आठवड्यात आणखी तिघांकडून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या भागातल्या नद्या, तलाव आणि खाडीतल्या माशांत पारा आहे, परंतु तुकडे लिंबू, हळद आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की तो पाण्यात उतरतो आणि राहिलेला तळताना उडून जातो, पाण्यात टाकलेले चांदीचे नाणे काळे पडले नाही तर मासा शुद्ध समजावा, डोके, कातडी आणि चरबी काढली की धोका उरत नाही, लहानापेक्षा मोठा, जुना मासा घ्यावा, कारण त्याच्या अंगातला पारा निघून गेलेला असतो, गरोदर बाईने मात्र समुद्राची सुरमई आणि मोरी खावी, कारण समुद्रात पारा नसतो, आणि एवढे करूनही शंका वाटली तर सकाळी धण्याचे पाणी प्यावे. हे सांगणारा कोण, याचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. घरगुती उपायांच्या संदेशांकडे एरवी मी दुर्लक्ष करतो, पण हा संदेश एका गरोदर मुलीला जास्त मासा खायला सांगत होता, म्हणून लिहिणे भाग आहे.

लिंबू-हळदीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. माशाच्या अंगातला पारा थर्मामीटरमधल्या चकचकीत थेंबासारखा मोकळा नसतो. नदीच्या आणि तलावाच्या तळाशी, जिथे हवा पोहोचत नाही अशा गाळात काही जीवाणू पाऱ्यापासून मिथाइल पारा हे संयुग तयार करतात. ते शेवाळातून सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत आणि लहान माशांतून त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत जाते, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. माशाच्या शरीरात हे संयुग प्रथिनांतल्या गंधकाशी घट्ट बांधलेले असते, म्हणजे आपण जो तुकडा खातो त्याच्या मांसाच्या प्रत्येक धाग्यात ते असते. लिंबाचे आम्ल मांसाच्या वरच्या थरातली प्रथिने गोठवते, म्हणून कडा पांढऱ्या दिसतात, आणि माशाला उग्र वास देणाऱ्या द्रव्यांना ते बांधून टाकते, म्हणून वास कमी होतो. आपल्या आया-आज्या माशाला लिंबू, हळद आणि मीठ चोळत आल्या त्या याच कारणाने, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही. परंतु पारा काढण्यासाठी त्यांनी ते कधी केले नव्हते आणि तो त्याने निघतही नाही.

प्रयोगशाळेत माशातला पारा मोजायचा असेल तर मांसाचा तुकडा संहत नायट्रिक आम्लात घालून तापवावा लागतो. मांसाचा एकही कण न उरता नितळ द्रावण तयार होते, तेव्हा कोठे पारा त्या बांधणीतून सुटतो. ज्यासाठी मांस पूर्ण विरघळवावे लागते ते काम ओट्यावर अर्ध्या लिंबाने अर्ध्या तासात होईल, असे मानायला रसायनशास्त्रात कसलाही आधार नाही. तळण्याने तर उलटेच घडते. समजा १०० ग्रॅमच्या कच्च्या तुकड्यात ३० मायक्रोग्रॅम पारा आहे आणि तळताना पाणी निघून जाऊन तो तुकडा ७५ ग्रॅमचा झाला. पारा ३० मायक्रोग्रॅमच राहिला, म्हणजे ग्रॅममागे ०.३ मायक्रोग्रॅम होता तो आता ०.४ झाला.

या मुद्द्याला मी घातक म्हणतो, कारण तो माणसाला खोटी निर्धास्ती देतो. मिथाइल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो, आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त आढळते. घडणारा मेंदू त्याला सर्वांत आधी बळी पडतो. जपानमधल्या मिनामाता येथे मासा खाणाऱ्यांमध्ये मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, आणि त्या काळात स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांच्या पोटी गंभीर व्यंग असलेली मुले जन्मलेली आढळली. मिनामाता समुद्रकाठी आहे, आपली नदी वेगळी, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी सांगतो की १९६५ मध्ये जपानच्याच नीगाता भागात हाच आजार आगानो नदीतला मासा खाणाऱ्यांमध्ये उघडकीला आला. आपल्याकडचे प्रमाण तेवढे आहे असा माझा मुळीच दावा नाही, परंतु गोड्या पाण्याचा मासा म्हणून आपोआप सूट मिळत नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

चांदीच्या नाण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. उकडलेल्या अंड्याला लागलेला चांदीचा चमचा काळा पडतो तसेच ते आहे. किलोमागे एखाद्या मिलिग्रॅमने असलेला आणि प्रथिनांत अडकलेला पारा नाण्यावर काहीही दाखवत नाही. ही परीक्षा सर्वांत दूषित माशालाही उत्तीर्ण करील.

डोके, कातडी आणि चरबी काढण्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कीटकनाशके आणि काही औद्योगिक रसायने चरबीत साठतात आणि इतर जड धातू यकृत आणि मूत्रपिंडात जास्त असतात, त्यामुळे आतडी, काळीज आणि चरबी टाकून देणे शहाणपणाचेच आहे. परंतु पारा चरबीत नसून मांसात असतो, आणि या साफसफाईनंतर आपण ताटात वाढून घेतो ते नेमके मांसच.

मोठा, जुना मासा घ्यावा हे तर वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. मासा मिथाइल पारा फार हळू बाहेर टाकतो. तो जितकी वर्षे जगतो आणि जितके इतर मासे खातो, तितका साठा वाढत जातो. म्हणून मरळ, शिवडा आणि वाम यांसारखे शिकारी मासे आणि रोहू, कटला, मृगळ यांना एका पारड्यात तोलता येत नाही. रोहू वनस्पती आणि शेवाळ खातो, कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, मृगळ तळाचा कुजका पाला खातो. चिलापीही बहुतांशी शेवाळावर वाढते. शिवाय ठाण्याच्या बाजारात येणारा रोहू-कटला बराचसा आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत पाळलेला असतो आणि म्हातारा होण्याआधीच विकला जातो. मरळ अंगाला चांगली म्हणून आपल्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मुद्दाम देतात, आणि नदीतली तीन-चार वर्षांची मरळ मिळाली तर घरात कौतुक होते. हे कौतुक मला समजते, पण गरोदर बाईच्या ताटात ती वारंवार जाऊ नये.

आता आपल्या पाण्याविषयी. संदेशात पाऱ्याचे नाव उगाच घेतलेले नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. कॉस्टिक सोड्याचे कारखाने एकेकाळी पाऱ्याच्या विद्युतघटांवर चालत, आणि ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा शोधनिबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. ती पद्धत पुढे मागे पडली, परंतु गाळात बसलेला पारा कारखाना बदलला म्हणून निघून जात नाही. कॅनडातल्या ग्रासी नॅरोज येथील नदीत अशाच एका कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात पारा सोडला होता आणि तिथल्या शिकारी माशांत तो पन्नास वर्षांनंतरही सापडतो. कोळसा जाळल्यानेही पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो, त्यामुळे नितळ दिसणारे पाणीही पूर्ण मुक्त नसते. परंतु म्हणून खाडी, नदी आणि तलाव यांची एकत्र मोट बांधू नये. खाडीचे पाणी निमखारे आहे, तिचा गाळ वेगळा, मासे वेगळे. अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन वालधुनी जिथे उल्हासला मिळते, त्याच्या खालचा मासा मी घरी आणणार नाही. बदलापूरच्या वरचा आणीन, पण मोजून.

मोजून म्हणजे किती, हेच त्या संदेशात नाही आणि खरी गरज त्याचीच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि पर्यावरण संरक्षण संस्थेने गरोदर, स्तनदा माता आणि मुलांसाठी संयुक्त सल्ला प्रसिद्ध केला आहे, आणि घरच्यांनी किंवा मित्रांनी स्वतः पकडलेल्या माशाचा त्यात वेगळा विचार केलेला आहे. त्या पाण्याविषयी स्थानिक सूचना असेल तर ती पाळावी. नसेल तर आठवड्याला असा मासा एकदाच खावा, आणि त्या आठवड्यात दुसरा कोणताही मासा खाऊ नये. मोठ्या माणसाचे एक वेळचे प्रमाण सुमारे ११३ ग्रॅम धरलेले आहे. चार ते सात वर्षांच्या मुलासाठी ते त्याच्या निम्मे आहे. हा आकडा माझ्या हिशेबाशी जुळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. पुतणीचे वजन ६० किलो आहे, म्हणजे तिच्यासाठी ९६ मायक्रोग्रॅम. मासा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असलेला निघाला, तर १९२ ग्रॅममध्येच ही मर्यादा गाठली जाते, ०.१ मिलिग्रॅमचा निघाला तर ९६० ग्रॅम चालतात. पंधरा किलो वजनाच्या मुलाला मर्यादा गाठायला त्याच ०.५ च्या माशाचे ४८ ग्रॅम पुरतात, म्हणजे जेमतेम एक लहान तुकडा. आपल्या हातातला मासा कोणत्या आकड्याचा आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आठवड्याला एकदाच हा नियम.

त्या दिवशी पुतणीच्या घरी केकचे साहित्य मोजण्याचा छोटा वजनकाटा होता, त्यावर मी तुकडे ठेवून पाहिले. सर्वांत मोठा तुकडा १६० ग्रॅम भरला, त्यानंतरचा हाडासकट १२०. तो १२० चा तिच्यासाठी बाजूला काढला आणि त्या आठवड्यात तिने दुसरा मासा घ्यायचा नाही असे ठरले. विहीणबाईंना वाटले की मी मुलीचे खाणे तोडतो आहे. त्यांची काळजी खरी होती, म्हणून त्यांना सांगितले तेच येथेही सांगतो: गरोदरपणात मासा सोडू नये. त्यातली प्रथिने आणि ओमेगा-३ मेदाम्ले बाळाच्या मेंदूला हवीच असतात, आणि तोच अमेरिकी सल्ला गरोदर बाईला कमी पारा असलेला मासा आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतो.

मात्र तो मासा म्हणजे मोरी नव्हे. मोरी म्हणजे शार्क, आणि शार्क त्या सल्ल्यात टाळायच्या यादीत आहे; सुरमईच्या जवळचा अटलांटिकमधला मोठा भाईबंदही त्याच यादीत आहे. समुद्रात पारा नसतो असे लिहिणाऱ्याने मिनामाताचे नावही ऐकलेले नसावे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी देण्याची आपली जुनी रीत आहे, तिचा मान राखूनही मी तिच्याऐवजी बांगडा, तारली आणि मांदेली सुचवीन; लहान, थोडे जगणारे आणि अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे हे मासे स्वस्तही आहेत. पुतणीला मी रोहू, बांगडा आणि मांदेली आलटून पालटून घ्यायला सांगितले, आणि नदीचा मासा घरात येईल त्या आठवड्यात फक्त तोच.

धण्याच्या पाण्याने मिथाइल पारा शरीराबाहेर पडतो, याला माणसांवरच्या अभ्यासांचा आधार नाही. शरीर तो स्वतःच टाकते, पण हळूहळू: निम्मा पारा जायला सुमारे पन्नास दिवस लागतात. म्हणून एखाद्या वेळी जास्त खाल्ले गेले तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पुढचे काही आठवडे हात आखडता घ्यावा. आणि मूल व्हावे असा विचार असेल तर काळजी दिवस राहिल्यावर सुरू करून चालत नाही, काही महिने आधीपासून घ्यावी लागते.

संदेशाच्या शेवटी एक ओळ आहे की हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. तिच्या पहिल्या अर्ध्याशी मी सहमत आहे. अमेरिकेत राज्ये कोणत्या तलावातला कोणता मासा, केवढ्या आकाराचा, किती वेळा खावा हे प्रसिद्ध करतात. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर किंवा उल्हासच्या बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेल्या माणसासाठी असा फलक मी अजून पाहिलेला नाही. तो लावण्यासाठी जातवार आणि आकारवार मासे तपासून आकडे जाहीर करावे लागतील, आणि पुतणीच्या सासऱ्यांसारख्यांनी नदीवरून आणलेल्या चार-दोन माशांपासूनही त्याची सुरुवात होऊ शकेल.