शेजाऱ्याचा अनुभव वाया जाऊ नये

कीटकनाशकांचे नियम भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका यांनी एकमेकांशी बोलून ठरवावेत, ही एका लेखात वाचलेली मागणी मला मनापासून पटली. लोक जे पिऊन जीव देत, त्या मोनोक्रोटोफॉस या अतिविषारी कीटकनाशकावर श्रीलंकेने १९९५ मध्येच बंदी घातली आणि पुढे तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. आमच्या सांगोल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे, तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळून, लाल त्रिकोणाच्या, म्हणजे अतिविषारी अशी खूण असलेल्या, बाटलीतले औषध झाकणाने मापून पंपात ओतणारी माणसे मी पाहिली आहेत. नेपाळने २०१९ मध्ये भारतीय भाजीपाल्यातील कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी सक्तीची केली, पण भारताच्या आक्षेपानंतर काही आठवड्यांतच ती मागे घेतली गेली, याचे मला फार वाईट वाटले. युरोपला डाळिंब पाठवताना आपण हीच तपासणी बिनतक्रार करून घेतो. मग शेजाऱ्याच्या ताटाला वेगळा न्याय का?