साठीनंतर मेंदू आठवणी रचतो म्हणे

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: साठी ओलांडली की मेंदू न घडलेल्या गोष्टी रचू लागतो, तरुणांचं असं होत नाही, ही विस्मरणाच्या आजाराची नांदी असते, माणूस ठामपणे, बारकाव्यांसकट सांगत असेल तरच आठवण खरी धरावी, आणि तो चुकला की ‘हे खोटं आहे’ असं त्याला पुन्हा पुन्हा बजावत राहावं. पाचांपैकी एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. शेवटचा सल्ला तर उलटाच पडतो.

‘तरुणांचं असं होत नाही.’

पुढचे शब्द एकदा सावकाश वाचा: गादी, उशी, पांघरूण, जांभई, डुलकी, घोरणं, अंथरूण, रात्र, स्वप्न, थकवा, पेंग, जाग. आता यादी झाका, मिनिटभर दुसरं काहीतरी करा आणि आठवतील ते शब्द लिहून काढा. कागदावर ‘झोप’ उमटली असेल तर यादी पुन्हा बघा. तो शब्द तिथे नाही.

ही युक्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डीझ यांच्या 1959 च्या कामातली. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये ती नव्याने वापरली. पंधरा-पंधरा शब्दांच्या याद्या ऐकवल्यावर, कधीच न उच्चारलेला तो मधला शब्द 55 टक्के वेळा लिहिला गेला. लिहिणारे कॉलेजचे विद्यार्थी होते. पुढे ओळख-चाचणीत अनेकांनी तो शब्द ऐकल्याचा क्षण आठवतो असंही सांगितलं. गंमत म्हणजे लहान मुलं या सापळ्यात कमी सापडतात, हे ब्रेनर्ड आणि रेना यांनी दाखवलंय. शब्दांमधला समान धागा पकडण्याची सवय जशी मुरते तशी ही चूक वाढते. अर्थ लावणाऱ्या मेंदूला ती किंमत मोजावीच लागते.

आयुष्यातल्या घटनांचंही तेच. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. ती बातमी कुठे, कशी कळली, हे नायसर आणि हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. दोन्ही उत्तरं किती जुळतात याला सातपैकी गुण दिले. पूर्ण गुण तिघांना मिळाले, 11 जणांना शून्य. म्हातारं त्यांत कोणीच नव्हतं.

‘साठीनंतर मेंदू रचू लागतो.’

वयाने काहीच बिघडत नाही असं म्हणणंही खोटंच ठरेल. प्रश्न एवढाच, की नेमकं काय बिघडतं? वाढत्या वयात ‘काय’ यापेक्षा ‘कुठून’ जास्त निसटतं: गोष्ट कोणी सांगितली, ती वाचली की ऐकली, केली की नुसती करायची ठरवली. याला स्रोत-स्मृती म्हणतात.

जॉन्सन, हॅशट्रूडी आणि लिंडसे यांनी 1993 मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. आठवणीवर ‘अमक्याकडून आली’ असा शिक्का मारलेला नसतो. आठवताना आवाज, जागा, चेहरा, तेव्हा मनात आलेले विचार असे धागेदोरे सापडतात आणि त्यांवरून आपण उगम ठरवतो. वयानुसार हे धागे मूळ गोष्टीशी सैल बांधले जातात. बांधण्याचं हे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाचं. आठवताना त्यांची छाननी करणारा मेंदूचा पुढचा भागही मंदावतो. उरते ती ‘हे कुठेतरी ऐकलंय’ एवढीच ओळख.

जेकोबी यांचा 1999 चा प्रयोग हे छान उघडं करतो. सहभागींनी आधी काही शब्द वाचले, काही एकदाच तर काही तीनदा. मग त्यांना वेगळी यादी ऐकवली आणि फक्त ऐकलेल्या शब्दांना ‘हो’ म्हणायला सांगितलं. जास्त वेळा वाचलेला शब्द तरुणांनी सहज बाजूला काढला, कारण तो वाचल्याचं त्यांना नीट आठवत होतं. ज्येष्ठांचं उलट झालं. शब्द जितक्या वेळा वाचला, तितका चुकून ‘हो’ वाढला. उजळणीने ओळख दोघांचीही वाढली होती, पण तिला लगाम घालणारी ‘हे मी वाचलं होतं’ ही आठवण ज्येष्ठांकडे अपुरी पडली. तरुणांना घाईने उत्तर द्यायला लावलं तेव्हा तेही याच वाटेने चुकले. याला ‘रचणं’ कसं म्हणायचं?

शिवाय प्रश्न कसा विचारला यावरही बरंच ठरतं. आधी वाचलेलं अनोळखी नाव पुढे ‘प्रसिद्ध व्यक्तीचं’ वाटण्याची चूक ज्येष्ठांत जास्त दिसते. मल्टहॉप यांनी 1995 मध्ये उत्तराचे पर्यायच बदलले: प्रसिद्ध, मघाच्या यादीतलं, की नवं? उगम तपासणं भाग पडलं आणि ती चूक दिसेनाशी झाली. राहाल, मे आणि हॅशर यांनी 2002 मध्ये असंही दाखवलं, की आवाज कोणाचा होता हे लक्षात ठेवण्यात ज्येष्ठ मागे पडतात, पण सांगितलेलं खरं होतं की खोटं हे लक्षात ठेवण्यात तो फरक उरत नाही. महत्त्वाचं वाटलं की धागा धरला जातो.

‘ही आजाराची नांदी.’

बडसन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये वर दिलेल्यासारख्या याद्या अल्झायमरच्या रुग्णांना पुन्हा पुन्हा दाखवल्या. पहिल्या फेरीत रुग्णांनी खोटी ओळख निरोगी ज्येष्ठांपेक्षा कमी दाखवली, कारण समान धागाच पुरता पकडला गेला नव्हता. फेऱ्यांगणिक ती वाढत गेली. म्हणजे एखाद्या चुकीच्या आठवणीवरून निदान होत नाही. ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, सवयीचे हिशेब न जमणं, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारणं, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत.

‘ठामपणे सांगितलं तर खरं.’

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर टालारिको आणि रुबिन यांनी विद्यार्थ्यांच्या आठवणी वेळोवेळी तपासल्या. हल्ल्याची आठवण त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या घटनेइतकीच घसरली होती. खात्री मात्र हल्ल्याबद्दलच टिकून होती. ज्येष्ठ साक्षीदार चुकतात तेव्हा बऱ्याचदा पूर्ण खात्रीने चुकतात, असं डॉडसन आणि क्रूगर यांना 2006 मध्ये आढळलं. बारकाव्यांचंही तसंच. गॅबर्ट, मेमन आणि ॲलन यांनी 2003 मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत दाखवली. आपसांत बोलल्यावर 71 टक्के साक्षीदारांनी स्वतः न पाहिलेलं काहीतरी सांगितलं. इथे तरुण-म्हातारे असा फरक पडला नाही.

म्हणून घटनेबद्दल विचारायचं तर एकेकाला वेगळं, आपसांत चर्चा व्हायच्या आत विचारा. सुरुवात ‘काय झालं ते सांगा’ अशी करा. ‘तो लाल गाडीतून आला ना?’ असं विचारलंत तर लाल गाडी तुम्हीच आत सोडलीत. सांगून झालं की मगच: हे पाहिलंत, की नंतर कोणाकडून कळलं?

‘खोटं आहे, असं बजावत राहा.’

स्कर्निक आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हेच करून पाहिलं. ‘हे विधान खोटं’ असं काही वेळा एकदा, काही वेळा तीनदा सांगितलं. लगेच विचारलं तेव्हा तीनदा सांगितल्याचा फायदा दिसला. तीन दिवसांनी ज्येष्ठांच्या मनात विधानाची ओळख उरली आणि ‘खोटं’ ही पुस्ती गळाली. तीनदा नाकारलेली विधानंच त्यांना जास्त वेळा खरी वाटली. जेकोबींच्या प्रयोगातलीच यंत्रणा ही. तेव्हा ‘गोळी जेवणाआधी घ्यायची नाही’ हे घोकवू नका. ‘गोळी जेवणानंतर’ एवढंच सांगा आणि तेवढंच लिहून ठेवा.

गोळी घेतली की घ्यायची फक्त मनात होतं, हा घोळ वादाने सुटत नाही. वारांचे कप्पे असलेली डबी वापरली की रिकामा कप्पा उत्तर देतो. दुसरा उपाय ऐकायला विचित्र आहे, पण मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तो तपासलाय. रोजची ठरावीक कृती करताना एक हात डोक्यावर ठेवला, की तीच कृती चुकून दुसऱ्यांदा करण्यातला वयाचा फरक नाहीसा झाला. नुसत्या विचारात कोणी हात डोक्यावर ठेवत नाही, त्यामुळे हात आठवला म्हणजे गोळी घेतलेली आहे.