खाते रिकामे करू इच्छिणाऱ्यांसाठी

आपली शिल्लक लवकरात लवकर दुसऱ्याच्या खात्यात जावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी बँकेची यंत्रणा कोणी फोडील याची वाट पाहत बसू नये. तसे घडते, नाही असे नाही. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये नेण्यासाठी चोरांना कितीतरी देशांतल्या एटीएमपुढे माणसे उभी करावी लागली. आपल्या चार-दोन लाखांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? तेव्हा आपणच हातभार लावावा.

प्रारंभ जुन्या सोफ्यापासून करावा. विक्रीची जाहिरात टाकताच स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणाऱ्या गृहस्थांचा फोन येईल. सोफा न पाहता आणि एक रुपयाचीही घासाघीस न करता ते किंमत मान्य करतील. असे गिऱ्हाईक आपल्याकडे अद्याप जन्मलेले नाही, हा विचार मनातून काढून टाकावा. पैसे ‘पाठवण्यासाठी’ ते क्यूआर कोड धाडतील. तो स्कॅन केल्यावर रक्कम देत असल्याचे पडद्यावर स्वच्छ दिसेल, तरीही यूपीआय पिन घालावा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो देतानाच लागतो, हे आठवले तरी बोलून दाखवू नये. समोरच्याला वाईट वाटते. ‘चुकून उलटे झाले, परत करतो’ असे म्हणून त्यांनी दुसरा कोड पाठवला, तर तोही स्कॅन करावा. हाती घेतलेले काम अर्धवट सोडू नये.

ज्यांच्या घरी विकण्याजोगा सोफा नाही, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे खरे तर फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल असलेली लग्नपत्रिका उघडावी आणि ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते तेव्हा ती उदारपणे द्यावी. ‘मी ओटीपी कोणाला सांगत नाही’ हा आपला अभिमान अबाधित राहतो, कारण आता तो न सांगताच समोरच्याला दिसतो.

पोलीस असल्याचे भासवणारे ‘साहेब’ व्हिडिओ कॉलवर धाक दाखवून पैसे पाठवायला लावतात, ती ‘डिजिटल अटक’ मात्र अनुभवी मंडळींसाठी राखून ठेवावी. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही, त्यामुळे तिच्यात जामीनही मिळत नाही. आयुष्यभर व्याजातल्या आठ आण्यांसाठी कारकुनाशी भांडलेल्या निवृत्त गृहस्थांनी मुदत ठेव मोडायला जावे, आणि शाखेतल्या मुलीने काळजीने कारण विचारलेच, तर फोनवरच्या ‘साहेबांनी’ पढवल्याप्रमाणे घराचे काम काढल्याचे सांगावे. पोटच्या पोरांना तर मुळीच कळू देऊ नये.

एवढे करूनही पैसे वाचण्याचा धोका उरतो, तो तक्रारीमुळे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर तातडीने फोन केल्यास रक्कम पुढच्या खात्यातच गोठवली जाऊ शकते. शिवाय रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी जाते. कळवेपर्यंतचे तेवढे आपले. तेव्हा घाई नको. आधी लाज बाळगावी, मग पुतण्याला विचारावे, शनिवार-रविवार जाऊ द्यावा. अगदीच राहवले नाही, तर कार्डामागे छापलेला क्रमांक सोडून बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधावा आणि सर्वांत वर दिसेल तो लावावा. पहिल्याच रिंगला कोणीतरी गोड आवाजात आपली चौकशी करील. बँकेत एवढ्या लवकर फोन कधीपासून उचलू लागले, असा संशय घेऊ नये.