'जनावरं मोजूनच घ्या' असं का लिहिलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पांजरपोळांच्या (भाकड, म्हाताऱ्या जनावरांना सांभाळणाऱ्या संस्थांच्या) खर्चावरच्या माझ्या लेखावर तुम्ही बरंच रागावून लिहिलंत. तुमचे मुद्दे दोन. शेण-गोमूत्रातून गोशाळा सहज स्वयंपूर्ण होते, मग देणग्यांची रड कशाला? आणि 'दावणीला झेपतील तेवढीच जनावरं घ्या' असं जीवदयेच्या संस्थेला सांगणं म्हणजे बाकीची कसायाच्या दारात सोडणं. पहिल्याला उत्तर आकड्यांत आहे, दुसरा खरोखर अवघड आहे.

२०० भाकड जनावरं धरा. दर आपापल्या तालुक्याचे घाला, मी असे धरतो: जनावरामागे रोज ५ किलो कडबा ४० रुपये, १० किलो हिरवा चारा ३० रुपये, मजुरी २०, औषध-पाणी-वीज १०. झाले शंभर. जनावर ८ ते १० किलो शेण टाकतं, हाती लागतं ते ७ किलो धरू. १,४०० किलो शेणाचं चाळून झालेलं गांडूळखत पाचेकशे किलो पडतं. ठोक भाव ७ रुपये धरला तर ३,५०० रुपये; मजुरी, पोती, वाहतूक वजा जाता जनावरामागे १२ रुपये सुटले तर नशीब. तेही वाफे नीट चालले तर. ताजं शेण वाफ्यात ओतलं की ते तापतं आणि गांडुळं मरतात; आधी पंधरा-वीस दिवस थंड होऊ द्यावं लागतं. कच्च्या जमिनीवरचं शेण खोऱ्याने ओढलं की निम्मी माती येते, आणि मातीचं पोतं एकदा घेतलेला बागायतदार दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून खताच्या आधी गोठ्याला कोबा करा.

शेजारी भोजनशाळा असेल तर शेण आधी गोबर गॅसमध्ये घालावं, हे मूळ लेखात राहून गेलं. ती चूक माझी. २५ किलो शेणाला साधारण १ घनमीटर गॅस, म्हणजे रोज ५६ घनमीटर, सुमारे २४ किलो एलपीजीच्या तोडीचा. भोजनशाळेचा एक १९ किलोचा सिलिंडर रोज वाचतो आणि स्लरीचं, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या शेणकाल्याचं, खत वेगळं. पण या गॅसला दाब नसतो. चूल लांब असेल तर पाइप टाकूनही ज्योत धरत नाही. गोमूत्र अर्क मी हिशेबात शून्य धरतो. बाटल्या भरणं सोपं आहे, खपवणं नाही.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये मंजूर केले. गाईच्या कानात ओळख क्रमांकाचा टॅग हवा. मग देशी गाईमागे तूट उरते ३८ रुपये. दूध आटलेल्या जर्सी-होल्स्टीन संकरित गाईला ते अनुदान नाही, तिथे तूट ८८. जनावर आठ वर्षं जगलं तर दाराशी घेतलेली प्रत्येक देशी गाय म्हणजे १ लाख ११ हजारांची आणि संकरित म्हणजे २ लाख ५७ हजारांची कबुली. ही कबुली कोणाच्या भरवशावर दिली, एवढंच मी विचारलं होतं.

देणगीची रड नाही, देणगीच्या पद्धतीची आहे. वीस वर्षांपूर्वी ११०० रुपयांत दिलेली 'कायम तिथी' (एकदाच ठेव द्यायची, तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी जनावरांना चारा) आज ७ टक्के व्याजाने वर्षाला ७७ रुपये देते. एका जनावराचा एका दिवसाचा चाराही ७० रुपयांचा! २०० जनावरांच्या एका दिवसाच्या चाऱ्याला १४,००० लागतात, म्हणजे कायम तिथी २ लाखांची हवी. जुन्या तिथ्यांची नावं फलकावर राहू द्या, नव्या मात्र या दराने घ्या. आणि संक्रांतीला भक्तांकडून पोळ्या-गुळाच्या टोपल्या घेण्याऐवजी कडब्याचे पैसे घ्या: रब्बी ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा स्वस्त, मे महिन्यात त्याच पेंढीला भाव चढतो. शिवाय पोळ्या-भाताने पोटात आम्लता होऊन गाय आडवी पडते, तो डॉक्टरचा खर्च वेगळाच.

आता दुसरा मुद्दा. पोलिसांनी पकडून आणलेली जनावरं नाकारा, असं मी म्हटलेलं नाही. ती घ्या, पण मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेल्या, जनावरांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. संगोपनाचा खर्च मिळावा म्हणून पहिल्याच आठवड्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. टॅग क्रमांक, वय, रंग, शिंगांचा आकार आणि फोटो पंचनाम्यात नसेल तर पुढे कोणतं जनावर कोणत्या गुन्ह्यातलं, हे सिद्ध होत नाही. आत आलेल्या गोऱ्ह्यांचं खच्चीकरण लगेच करा, नाहीतर पांजरपोळातच पैदास सुरू होते.

शेतकरी स्वतः सोडायला आला तर मात्र मी त्याला परत पाठवीन, रिकाम्या हाताने नाही. त्याच्याकडे गोठा आहे, माणूस आहे, कमी पडतो तो उन्हाळ्याचा चारा. मार्च ते जून १०० दिवस रोज ५ किलो कडबा दिला तर ४,००० रुपये लागतात. तेच जनावर आत घेतलं तर त्याच १०० दिवसांचे १०,००० आणि पुढची आठ वर्षं आपली. कडबा एकदम देऊ नका, पंधरा दिवसांचा द्या, आणि पुढची खेप देण्याआधी जनावर तिथेच आहे ना, हे कळावं म्हणून गाडीवाल्याला गोठ्यात जाऊन टॅग बघायला सांगा.