खून व्हायचाच असेल तर मालिकेत व्हावा

मरण कुणाच्या हातात नसतं. पण समजा तुमच्या कुंडलीत खूनच लिहिला असेल, तर एवढी काळजी अवश्य घ्या: तो पोलीस ठाण्याच्या हद्दीत होऊ देऊ नका, मालिकेच्या एपिसोडमध्ये होऊ द्या. हद्दीतला खून वर्षानुवर्षं चालतो. एपिसोडमधला साडेदहाला सुरू होतो आणि साबण-सिमेंटच्या जाहिराती धरून साडेअकराला खुनी बेड्यांत असतो. शिवाय रविवारी दुपारी पुन्हा दाखवतात. हद्दीत खून झालेल्याला ही सोय नाही.

परवाचाच एपिसोड घ्या. खून चक्क सांगलीत होता, त्यामुळे आमच्या गावभागात जेवणं लवकर उरकली. पडद्यावर ठळक अक्षरांत 'सांगली' आलं आणि त्यामागे नारळाची रांग. कृष्णेला इतके नारळ कधी लागले, यावर आईने शंका काढली, तर मुलगा म्हणाला, लोकेशन असतं ते. पडद्यावरच्या सांगलीत झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे फेटे बांधून होते आणि नोकर तेवढा 'काय रं' म्हणत होता. मालक शुद्ध पुणेरी. असो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, तेव्हापासून आम्ही खोट्यात खरं शोधत बसलेलो आहोत. शेजारच्या हरिपूरच्या देवलांनी तर 'संशयकल्लोळ'मध्ये नुसत्या संशयावर अख्खं संगीत नाटक रंगवलं. आम्हाला नारळांचं काय एवढं!

तर पहिली अट: श्रीमंत व्हा. मालिकेत खून व्हायला किमान एक वाडा, एक दुसरी बायको आणि गेल्याच आठवड्यात बदललेलं मृत्युपत्र लागतं. उसाच्या फडातल्या भांडणात कोयता लागून गेलेल्याला एपिसोड मिळत नाही, पेपरात चार ओळी मिळतात. त्यातही एक ओळ 'श्वानपथकास पाचारण करण्यात आले. मात्र श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले' ही ठरलेली. हा कुत्रा वर्षानुवर्षं घुटमळतो आहे. मालिकेतला कुत्रा थेट धाकट्या भावाच्या बेडरूममध्ये जाऊन भुंकतो.

परवाचा मयत हळदीचा व्यापारी होता आणि सापडला हरिपूरच्या पेवात. लेखकाने कुठून तरी पेवाचं ऐकलं होतं, कौतुक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. तोंड मातीने लिंपून बंद करतात, आत वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. पण पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. काही तास ते तसंच ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर माणूसही विझणार, हे हमालाच्या पोरालाही माहीत असतं. कीड जगत नाही ती ज्या हवेत, त्यात इन्स्पेक्टर कसा जगेल? मालिकेतला साहेब मात्र झाकण निघताच गॉगलसकट आत उडी मारतो, चिमटीत एक केस धरून वर येतो आणि म्हणतो, हा खून आहे. शास्त्राप्रमाणे त्याच क्षणी मयत दोन व्हायला हवे होते.

हा साहेब एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त होता. एसीपी हे पद पोलीस आयुक्तालयात असतं. सांगलीला आयुक्तालयच नाही, इथे एसपी, म्हणजे अधीक्षक, आणि त्यांच्या हाताखाली डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक. म्हणजे जे पद जिल्ह्यात नाही, त्या पदावरचा माणूस तपास करत होता. पण तुम्ही तक्रार करू नका. १९९८ साली 'सीआयडी' मालिका सुरू झाली तेव्हा शिवाजी साटम एसीपी होते आणि २०१८ साली बंद झाली तेव्हाही एसीपीच. वीस वर्षांत ना बढती, ना बदली.

"आमची भांडी बदलीच्या टेंपोतच फुटली," इति हवालदारकाका.

हे काका आमच्या शेजारचे, रिटायर्ड. खुनाचा एपिसोड असला की चहाच्या वेळेचा हिशेब न करता येतात आणि पहिल्या सीनपासून एकच विचारतात, "आवं, पंच कुटायत ह्यांचं?" पंच म्हणजे पंचनाम्याला हजर राहून सही करणारे साक्षीदार. माझा सल्ला, मालिका बघताना असा माणूस घरात घेऊ नका. खरा पंचनामा त्यांनी एकदा मला करून दाखवला होता, आमच्याच चहाच्या कपावर. कप कुठल्या दिशेला, कान तुटका की शाबूत, तळाशी किती चहा, बशीवर डाग किती इंच. मग कप कागदात गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, लाखेचं सील मारायचं, लेबलावर दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि तो मुद्देमालात जमा करायचा. एका कपाला पाऊण तास गेला. बायकोने विचारलं, आता धुऊ का? तर म्हणाले, "न्हाई वैनी, कोर्टाचा हुकूम लागंल."

त्यात पंच मिळवणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळवण्याइतकं अवघड. पंच हवेत म्हटलं की चहाची टपरी, सलून, पानपट्टी सगळ्यांची शटर एका दमात खाली. आता गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचाऱ्याला पंच घेतात; त्याला शटर नसतं. मालिकेत मात्र कुणाच्या सहीची गरज पडत नाही. साहेब तो केस उघड्या बोटांनी धरून खिशात टाकतो, तिथंच पुरावा सिद्ध.

मृत्यूची वेळही मालिकेतच चांगली निघते. तिथला डॉक्टर चादर वर करून सांगतो, रात्री सव्वाअकरा ते साडेअकरा. नुसत्या वासावरून विष ओळखतो. हद्दीत मेलात तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग सिव्हिलला पीएम, म्हणजे शवविच्छेदन, मग 'व्हिसेरा राखून ठेवला', म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने. तो बरण्यांत बंद होऊन प्रयोगशाळेच्या रांगेत उभा राहतो. वेळ विचारली तर डॉक्टर तासांचा भला मोठा पट्टा देतात, कारण शरीर ताठरायला लागतं दोन-तीन तासांनी, पुरतं ताठरतं बारा-एक तासांत, आणि सांगलीच्या मे महिन्यात हे गणित आणखी पुढे पळतं. एवढ्या पट्ट्यात अख्ख्या गल्लीला जागा होते. सव्वाअकरा ते साडेअकरात एकटा धाकटा भाऊच बसतो.

आता कबुली. साहेबाने धाकट्याच्या कानाखाली एक वाजवली आणि त्याने फ्लॅशबॅकसकट सगळं सांगितलं, कुठल्या मेडिकलमधून काय घेतलं तिथपासून. आई म्हणाली, चला, सुटलं एकदाचं. काका म्हणाले, "सुटला." पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या साक्ष अधिनियमात २३ आहे. दीडशे वर्षांत आकडा बदलला, पोलिसांवरचा विश्वास जिथल्या तिथे. हां, आरोपीने सांगितल्यावरून लपवलेली बाटली सापडली तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं, पण त्याला पुन्हा पंच आले, पुन्हा शटर खाली. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर धाकटा हक्काने जामीन मागणार. इकडे साहेबाने तोवर त्याला फाशी जाहीरसुद्धा केली होती. ३०२ खाली. १ जुलै २०२४ पासून खुनाला नव्या न्याय संहितेतलं १०३ लागतं, हे त्याच्या स्टेशनात अजून पोचलेलं दिसत नाही. त्याला तरी का हसा? 'तीनशे दोनचा आरोपी' म्हटल्यावर पारावर जी शांतता पसरते, ती 'एकशे तीन'ला यायला दोन पिढ्या जातील.

शेवटचा सल्ला, खुनी कोण हे पहिल्या ब्रेकआधी मोठ्याने सांगू नका. मी सांगितलं होतं, मुनीम. तो निघाला नाही, आणि गेले चार दिवस भडंगाचा डबा माझ्याकडे उशिरा येतो.

एपिसोड संपला तेव्हा काका खुर्चीतच पेंगत होते. जागे झाले, चपला शोधल्या.

"कोन निघाला?"

"धाकटा भाऊ."

"लवकर उठायचंय. उद्या तारीख हाय, साक्षीला बोलावलंय. जुनं मॅटर, खुनाचंच."

"रिटायर होऊन नऊ वर्षं झाली ना तुम्हाला?"

"म्हणून काय झालं."

"आरोपी कोण होता त्यात?"

काका दारात थांबले, कपाळ चोळलं.

"ध्यानात न्हाई बगा. सकाळी जबाब वाचून जायला लागंल."